मुलुखिया: पान, कोंबडी आणि तार

मुलुखियाचे पान ओळखायची खूण त्याच्या देठाशी असते. पान लांबट, टोकाला निमुळते, गडद हिरवे, कडांना करवतीसारखे बारीक दाते. अशी पाने डझनावारी झाडांना असतात. पण देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंचा शेवटचा एकेक दाता लांब वाढून दोऱ्यासारखा खाली लोंबतो. ही दोन शेपटे दिसली की शंका घ्यायचे कारण उरत नाही. मग ते पान दोन बोटांत चुरगाळून पाहावे. आधी कोवळ्या गवताचा वास येतो, आणि लगेच बोटे एकमेकांवरून घसरू लागतात. बोटे लांब केली तर मध्ये बारीकशी तार ताणली जाते. पुढच्या सगळ्या स्वयंपाकाचे मर्म या तारेत आहे.

इजिप्तमध्ये उन्हाळा लागला की नाईलच्या त्रिभुज प्रदेशातून या पानांच्या जुड्या कैरोच्या बाजारात येऊ लागतात. लांब काड्यांसकट बांधलेल्या, पालेभाजीपेक्षा चाऱ्याच्या पेंढ्या शोभाव्यात अशा. घरी आणल्या की काडीवरून एकेक पान खुडायचे काम सुरू होते, आणि त्याला घरातले जेवढे हात मिळतील तेवढे कमीच. या पानांचा कोंबडीच्या शोरब्यात केलेला हिरवागार, दाटसर पातळ पदार्थ म्हणजे मुलुखिया. सशाच्या मांसाबरोबरही ती करतात आणि जाणकार तिला फार मानतात. अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर कोळंबी घालतात. पण रोजच्या घराघरातली, शुक्रवारच्या जेवणातली मुलुखिया बहुतेक वेळा कोंबडीचीच. शिकायलाही तीच बरी, कारण कोंबडीचा शोरबा सौम्य असतो, तो पानाची चव झाकत नाही.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव कॉर्कोरस ऑलिटोरियस. हे नाव ज्यांनी शाळेत व्यापारी पिकांच्या यादीत वाचले असेल त्यांना आठवेल की हीच तर ज्यूटची एक जात, बंगालमध्ये जिला तोषा म्हणतात ती. ज्यूटच्या दोन लागवडीच्या जातींपैकी दुसरीच्या शेंगा गोल असतात, हिच्या लांब. दाट पेरून उंच वाढू दिली की सालीतून धागा मिळतो आणि त्याची गोणपाटे होतात. विरळ ठेवून शेंडे खुडत राहिले की फांद्या फुटतात आणि भाजी मिळते. 1855 मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा येथे भारतातली पहिली ज्यूट गिरणी उभी राहिली आणि त्यानंतर जगाचे धान्य, साखर, कापूस या धाग्यात बांधला गेला. आफ्रिकेत मात्र या झाडाकडे धाग्यासाठी फारसे कुणी पाहिले नाही. तिथे ते भाजीचे झाड. बंगालमध्येही शेतात धागा वाढत असताना कोवळ्या पानांचे ‘पाट शाक’ घरात शिजतेच.

महाराष्ट्रातही हे झाड परके नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, पडीक जागी ते आपोआप उगवते. मराठीत त्याला मोठी छुंछ म्हणतात. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस ज्या कुळात मोडतात त्याच कुळातले हे. भेंडी चिरताना सुरीला लागणारा चिकटा आणि जास्वंदीची पाने पाण्यात चोळून केस धुतात तेव्हाचा बुळबुळीतपणा हा या कुळाचा सामाईक वारसा आहे.

आपल्या स्वयंपाकात या वारशाशी आपण कसे वागतो? भेंडी धुऊन कोरडी पुसतो, चिरल्यावर पाणी लागू देत नाही, तव्यावर झाकण न ठेवता परततो, आमसूल किंवा ताक घालतो. चिकटा गेला की भाजी जमली. आफ्रिकेतल्या मोठ्या भागात याच्या बरोबर उलट चालते. तिथे पानातला बुळबुळीतपणा जपायचा, वाढवायचा, आणि नेमक्या क्षणी थांबवायचा असतो. मुलुखिया पळीतून ओतली की तिची धार तुटू नये, सलग ओघळावी. पातळ पदार्थाला अंग यावे म्हणून आपण बेसन लावतो, शेंगदाण्याचे कूट घालतो, खोबरे वाटतो. मुलुखियात यातले काहीच नसते. पीठ नाही, वाटण नाही, कांद्याटोमॅटोचा मसाला नाही. शोरब्याला जो दाटपणा येतो तो पानातून येतो. हे एकदा मनाशी पक्के केले की पाककृतीतला एकेक नियम आपोआप उलगडतो.

पानांच्या पेशींमध्ये लांबच लांब साखळ्यांची कर्बोदके असतात. आपण त्यांना चिकटा म्हणतो. पान अख्खे असताना ती आत बंद असतात. चिरले की बाहेर पडून पाणी शोषतात, फुगतात आणि एकमेकींत अडकतात. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. समान भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून साखळ्या गुंडाळून न बसता ताठ पसरलेल्या राहतात आणि थोड्याच प्रमाणात असूनही बरेच पाणी धरून ठेवतात. त्यात आंबट घातले की भार निवतो, साखळ्या आक्रसतात आणि पाणी सुटते. भेंडीत आमसूल का घालतात याचे उत्तर हेच, आणि मुलुखियात पातेल्यात आंबट का घालत नाहीत याचेही. लिंबाची फोड ताटात वेगळी देतात. ज्याला हवे त्याने आपल्या वाटीत पिळावे.

उष्णतेचेही तसेच. थोड्या उष्णतेने पान शिजते, कच्चा वास जातो. जास्त वेळ खळखळून उकळले तर साखळ्या तुटतात, शोरबा पुन्हा पाण्यासारखा होतो, आणि पानांचा चुरा ज्याच्या आधाराने तरंगत होता तो आधारच जातो. हिरवा गाळ तळाशी, वर पिवळट पाणी. इजिप्तमधल्या बायका अशा वेळी मुलुखिया ‘पडली’ म्हणतात. एकदा पडलेली मुलुखिया पुन्हा उभी करता येत नाही. रंगाचा प्रश्नही याच वेळेशी बांधलेला आहे. पानातल्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. उष्णता आणि पानाचेच आम्ल यांच्यामुळे ते निसटले की हिरवा रंग शेवाळी तपकिरी होतो. झाकण ठेवले तर वाफेबरोबर उडून जाणारे आम्ल पुन्हा पातेल्यात पडते. म्हणून मुलुखियावर झाकण ठेवायचे नाही, हा नियम आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ असतो.

आता कोंबडीकडे वळू, कारण पानाइतकाच तिचाही इजिप्तशी जुना आणि विलक्षण संबंध आहे. कोंबडी मूळची आग्नेय आशियातली. फारोंच्या काळात ती इजिप्तमध्ये नवलाईचा पक्षी होती. राजांच्या दरीत पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला सापडलेल्या चुनखडीच्या एका तुकड्यावर कोंबड्याचे रेखाटन आहे, सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात कोंबडी सर्वत्र पाळली जाऊ लागली, आणि तिच्याबरोबर इजिप्तने एक असे तंत्र विकसित केले ज्याचे युरोपला शतकानुशतके आश्चर्य वाटत राहिले. ते म्हणजे अंडी उबवण्याच्या भट्ट्या.

इजिप्तमध्ये कोंबडीशिवाय अंडी उबवतात हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले आहे. या भट्ट्या कच्च्या विटांच्या. मधून एक बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या मजल्यावर अंडी, वर शेणाचा आणि भुश्श्याचा मंद विस्तव. एकेका भट्टीत हजारो अंडी. तीन आठवडे रात्रंदिवस तापमान सांभाळायचे, अंडी फिरवायची, आणि हे सगळे तापमापकाशिवाय. कामगार अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावत, कारण पापणीच्या पातळ कातडीला उष्णतेतला बारीकसा फरकही कळतो. ही विद्या घराण्याघराण्यांत चालत आली. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने या भट्ट्यांचा अभ्यास करून तसेच काही युरोपात करू पाहिले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्ले मुबलक आणि स्वस्त मिळाली म्हणून गच्चीवर चारदोन कोंबड्या पाळणे सामान्य घरालाही परवडले, आणि पानांच्या पातळ भाजीला शोरब्याचा आधार मिळाला.

मुलुखियासाठी गावठी कोंबडी उत्तम. इजिप्तमध्येही ‘बलदी’ म्हणजे देशी कोंबडीलाच मान. तिची हाडे घट्ट, कातडी जाड, सांध्यांत कूर्चा भरपूर. यातले कोलॅजन हळूहळू शिजून जिलेटिन होते आणि शोरब्याला ओठांना जाणवणारा एक गुळगुळीतपणा येतो. पानाचा चिकटा आणि हाडांचे जिलेटिन, असे दोन दाटपणे या पदार्थात एकत्र येतात. ब्रॉयलरच्या कोंबडीने काम भागते, पण तिच्याबरोबर मान, पाठ, पंखांची टोके असे हाडांचे तुकडे जास्तीचे घालावेत.

सव्वा किलोची एक कोंबडी असेल तर दोन लिटर थंड पाण्यात ती अख्खी किंवा चार तुकडे करून ठेवावी. उकळी फुटायच्या सुमारास करडा फेस वर येतो, तो झाऱ्याने काढत राहावे. फेस निघून पाणी स्वच्छ झाले की मगच मसाला: एक सोललेला अख्खा कांदा, चारपाच हिरव्या वेलच्या ठेचून, दोन तमालपत्रे, आठदहा मिरी, मीठ. इजिप्शियन स्वयंपाकात यात मस्तकीचा मसुराएवढा एखादा खडा पडतो. मस्तकी म्हणजे ग्रीसच्या खिओस बेटावरच्या एका झुडपाचा डिंक. कोंबडीचा हिवस वास काढून टाकायला तो वापरतात. तिथल्या गृहिणींना या वासाची इतकी चीड असते की कोंबडी आधी मीठ, पीठ आणि लिंबू चोळून धुतात. मस्तकी नसेल तर नसू दे, पण घातली तर खड्याहून जास्त नको, नाहीतर शोरबा कडवट होतो. आच मंद ठेवावी. ब्रॉयलरला पाऊण तास पुरे, गावठीला दीड ते दोन तास.

शिजलेली कोंबडी बाहेर काढून निथळावी, मीठमिरी लावून तुपात किंवा ओव्हनमध्ये तांबूस करावी. उकडलेल्या कातडीला कुणी विचारत नाही. तीच कातडी खरपूस झाली की ताटात आधी संपते. शोरबा गाळून घ्यावा, आणि चाखून पाहावा. हा टप्पा फार महत्त्वाचा आहे. मुलुखियात पुढे चवीला पाने, लसूण आणि धने एवढेच येणार. शोरबा बेचव असेल तर त्याला वाचवणारे दुसरे काही नाही. तो एकटाच वाटीत घेऊन प्यावासा वाटला पाहिजे. कोल्हापूरकडे मटणाचे अळणी सूप ज्यांनी आवडीने प्यायले आहे त्यांना याची पारख सांगावी लागणार नाही.

कोंबडी शिजते आहे तोवर पानांचे काम. खुडलेली पाने पाण्यातून दोनतीनदा काढून फडक्यावर पसरायची आणि अगदी कोरडी होऊ द्यायची. ओल्या पानांवर सुरी चालवली की चिकटा पाण्यात पसरतो आणि पाटावर लगदा होतो. कोरडी पाने मात्र स्वच्छ चिरली जातात. यासाठी इजिप्तमध्ये ‘मखरता’ नावाचे हत्यार आहे: चंद्रकोरीसारखे वाकलेले पाते आणि दोन टोकांना दोन लाकडी मुठी. दोन्ही मुठी धरून पाते डावीउजवीकडे झुलवायचे. पहिल्या काही फेऱ्यांत पानांचा ढीग नुसता विखुरतो. मग तो ओला दिसू लागतो, पात्याला धरू लागतो. आणखी थोड्या वेळाने सगळा चुरा एका गोळ्यासारखा पात्याबरोबर उचलला जातो आणि परत पाटावर पडतो, तेव्हा तो तयार. काम लयीचे आहे, आणि खांदे भरून येतात.

मिक्सरचा मोह टाळावा. मिक्सरची पाती पाने कापत नाहीत, आपटून फोडतात. हवा मिसळते, फेस होतो, आणि मुलुखिया साबणाच्या पाण्यासारखी दिसू लागते. मखरता नसेल तर मोठी, धारदार सुरी पुरेशी आहे. कोथिंबिरीपेक्षा बारीक, पण वाटलेले नाही, अशी चिराई हवी. लेबनानमध्ये पाने अख्खी ठेवून शिजवतात, त्यामुळे तार कमी सुटते आणि भाजीसारखा पदार्थ होतो, वर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कांदा. तीही चांगली लागते, पण इजिप्तची मुलुखिया ज्याने खाल्ली त्याला ती वेगळ्या घरची वाटते.

साहित्य सगळे हाताशी आले की उरतात पाचसात मिनिटे. एक लिटर गरम शोरबा पातेल्यात उकळत ठेवायचा. निवडून चिरलेली अर्धा किलो पाने त्यात एकदम टाकायची आणि पळीने वरखाली ढवळायची. उकळी मोडते, शोरबा हिरवा होतो. आता डोळा पातेल्यावरून हलवायचा नाही. पातेल्याच्या कडेने बुडबुडे दिसू लागले की आच कमी. मधोमध उकळी फुटायच्या आत उतरवायचे. दाट वाटली तर शोरबा वाढवता येतो, पातळ झाली तर उपाय नाही, म्हणून शोरबा नेहमी थोडा राखूनच घालावा.

दुसऱ्या आचेवर त्याच वेळी ‘तअलिया’ चालू असते. ही वरून द्यायची फोडणीच. दहाबारा लसूणपाकळ्या, एक मोठा चमचा धने आणि चिमूटभर मीठ खलबत्त्यात कुटायचे. मीठ खरखरीत असेल तर कुटणे सोपे जाते. दोन मोठे चमचे तूप तापवून हा कूट त्यात टाकायचा. इजिप्तचे ‘सम्न’ म्हणजे आपले तूपच, गाईच्या किंवा म्हशीच्या लोण्याचे. लसूण आधी पाणी सोडतो, तेव्हा तडतड मोठी असते; पाणी संपले की आवाज बसतो आणि रंग झपाट्याने बदलतो. बदामी झाला की त्याच क्षणी मुलुखियावर ओतायचे. बदामीच्या पुढे गेले तर कडू, अलीकडे राहिले तर कच्चे. धन्यांतला लिंबासारखा सुगंध गरम तुपात उतरलेला असतो आणि तोच या हिरव्या, थोड्या मातकट चवीच्या पदार्थाला उठाव देतो. मुलुखियात धने आणि लसूण नको असे म्हणणारा इजिप्शियन मला कल्पनेतही दिसत नाही.

तअलिया ओतताना बाईने मोठ्याने श्वास आत ओढायचा, दचकल्यासारखा. याला ‘शह्का’ म्हणतात. शह्का घेतला नाही तर मुलुखिया पडते, अशी समजूत. ही रीत कशी आली याच्या अनेक कथा सांगतात, आणि त्यांत एखाद्या राजाच्या स्वयंपाकघरातला घाबरलेला आचारी बहुधा असतोच. मला ही रीत मनापासून आवडते. पदार्थ बिघडायचा जो सर्वांत नाजूक क्षण आहे त्याच क्षणी करणारीचे सगळे लक्ष पातेल्यावर आणून ठेवणारी ती रीत आहे. एका हातात तडतडणारे तूप आणि समोर उकळीच्या काठावरचे पातेले असताना एवढे लक्ष लागतेच.

या भाजीवर एकदा बंदीही आली होती. फातिमी खलिफा अल-हाकिम बि-अम्र अल्लाह याने 996 ते 1021 या काळात कैरोतून राज्य केले. 1005 च्या सुमारास त्याने काही खाण्यापिण्याच्या वस्तू वर्ज्य ठरवल्या, आणि त्यांत मुलुखिया होती. पंधराव्या शतकात कैरोचा इतिहासकार अल-मक्रीझी याने कारण नोंदवले आहे: मुलुखिया ही उमय्या घराण्याचा संस्थापक मुआविया याची आवडती भाजी होती, आणि शिया फातिमींच्या दृष्टीने मुआविया शत्रू. जिरजीर नावाची तिखट पालेभाजी अशाच कारणाने गेली. 1021 मध्ये एका रात्री अल-हाकिम कैरोजवळच्या मुकत्तम टेकडीकडे गेला तो परत आलाच नाही. पुढे बंदी उठली, लोक पुन्हा मुलुखिया खाऊ लागले. अल-हाकिमला फार पूज्य मानणाऱ्या द्रूझ पंथातले अनेक लोक मात्र आजही ती खात नाहीत.

त्याच अल-हाकिमची भव्य मशीद कैरोच्या जुन्या वेशीला लागून उभी आहे, आणि तिचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. शतकानुशतके ती पडीक होती. कधी कैदखाना झाली, कधी तबेला. फातिमी इमामांची परंपरा मानणाऱ्या दाऊदी बोहरा समाजाने, ज्याचे मुख्यालय मुंबईत आहे, तत्कालीन सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार केला आणि 1980 मध्ये ती पुन्हा खुली झाली. 2023 मध्ये आणखी एका दुरुस्तीनंतर ती परत उघडली. या मशिदीपासून चालत जाता येईल अशा गल्ल्यांमध्ये आजही दुपारी मुलुखिया शिजत असते.

बंदीनंतर दोनेकशे वर्षांनी बगदादचा वैद्य अब्द अल-लतीफ इजिप्तमध्ये आला. 1200 च्या आसपास त्याने तिथल्या वनस्पतींचे वर्णन लिहिले, त्यात भेंडीबरोबर मुलुखियाचीही नोंद आहे. बाहेरून आलेल्या माणसाला या देशातल्या बुळबुळीत भाज्या आधी नजरेत भरल्या, हे मला फार स्वाभाविक वाटते.

इजिप्तच्या पलीकडे उरलेल्या आफ्रिकेतही हेच पान वेगवेगळ्या पातेल्यांत शिजते. नायजेरियाच्या योरुबा लोकांची ‘एवेदू’ पाहण्यासारखी आहे. तिथे मखरता नाही. पाने थोड्या उकळत्या पाण्यात टाकतात आणि ‘इजाबे’ नावाच्या आखूड केरसुणीने, जी फक्त याच कामासाठी ठेवलेली असते, पातेल्यातच ठेचतात. त्यात चिमूटभर ‘काउन’ घालतात. काउन म्हणजे जमिनीतून मिळणारा सोड्याचा खार, आपल्या पापडखाराच्या जातीचा. तो अल्कलीधर्मी असल्यामुळे पानांच्या पेशीभित्ती लवकर मऊ पडतात, तार भराभर सुटते आणि हिरवा रंगही टिकतो. वासासाठी आंबवलेल्या ‘इरू’ बिया. कोंबडी इथे पातेल्यात नसतेच. ती मिरच्यांच्या लालभडक रश्श्यात वेगळी शिजते, आणि ताटात रताळ्यासारख्या यामच्या पिठाच्या काळपट ‘अमाला’वर हिरवे आणि लाल शेजारी वाढले जाते. पश्चिम केनियातल्या लुह्या लोकांकडे हे पान ‘मरेंडा’ म्हणून चवळीच्या पानांबरोबर शिजते, तिथेही खाराचे पाणी पडते, आणि मक्याच्या घट्ट ‘उगाली’बरोबर ते खातात.

ट्युनिशियात तर सगळेच उलटे. तिथे पाने वाळवून पिठासारखी दळतात. हे पीठ भरपूर ऑलिव्ह तेलात कालवून, गरम पाणी घालून, तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात. रंग जवळजवळ काळा होतो, वर तेलाचा थर येतो, आणि तो आलेला दिसला की पदार्थ झाला असे समजतात. तार नावाला उरते, पण तिची जागा एका घट्ट, कडसर, खोल चवीने घेतलेली असते. हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक घरांत हीच करतात, वर्ष हिरवे जावे म्हणून. याच्या दुसऱ्या टोकाला दक्षिण इजिप्तमधली ‘शलौलौ’: वाळवलेल्या पानांचा चुरा थंड पाण्यात, त्यात लसूण, लिंबू, मिरची, आणि विस्तव अजिबात नाही. उन्हाच्या तडाख्यात शेतावर खायला हीच सोपी. चिकटा उष्णतेने तयार होत नाही, तो पानात असतोच आणि पाणी मिळाले की जागा होतो, हे शलौलौ खाताना जिभेला कळते.

इजिप्तच्या ताटात मुलुखिया खोल वाटीत येते, बाजूला तुपात तांबूस केलेल्या शेवया घातलेला भात आणि खरपूस कोंबडी. काहीजण भातावर ओततात. पण ‘ऐश बलदी’ ही कोंड्यासकट पिठाची फुगीर रोटी मोडून, तिचा तुकडा चमच्यासारखा दुमडून मुलुखियात बुडवणे हेच खरे. तार तुकड्याबरोबर वर येते, मनगट किंचित फिरवून ती तोडायची. सोबत व्हिनेगरमधला कांदा किंवा लिंबू.

महाराष्ट्रात ही करायची तर पान हा पहिला प्रश्न. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना तो नाही. दुबई, मस्कत, कुवेतच्या कोणत्याही मोठ्या दुकानात चिरलेली मुलुखिया गोठवलेल्या पाकिटात मिळते, आणि ती चांगली असते. पाकीट आधी वितळवत बसू नये, तसेच गोठलेले गरम शोरब्यात सोडावे. इथे बी मिळवून परसात किंवा मोठ्या कुंडीत लावता येते; उष्णता आणि पाणी तिला मानवते. दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येते, म्हणून पेरणी उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाच्या तोंडावर. शेंडे सतत खुडावेत. पिवळी फुले आणि शेंगा आल्यावर पाने राठ होतात, आणि महत्त्वाचे म्हणजे बिया विषारी असतात. हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये त्यांत आहेत. जनावरांना त्यांची बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कळ्या, शेंगा निवडून टाकणे ही नुसती टापटीप नाही. आणखी एक सावधगिरी: हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग ही अगदी वेगळी, कडधान्यांच्या कुळातली वनस्पती आहे. तिची पाने या पातेल्यात घालू नयेत. बांधावरची छुंछ ओळखणाऱ्या माणसाने दाखवल्याशिवाय खुडू नये.

पान मिळालेच नाही तर? पालकाने रंग येतो, तार येत नाही. ती पालक-कोंबडी होते, चवीला बरी, पण मुलुखिया नव्हे. अंबाडी याच कुळातली असली तरी आंबट, तिने शोरबा फुटल्यासारखा होतो. सर्वांत जवळची मायाळू. तिची पाने मांसल आणि बुळबुळीत असतात, बारीक चिरून शोरब्यात टाकली तर दाटपणा येतो, आणि लसूण-धन्यांची तअलिया तिला छान मानवते. मायाळूत पाणी जास्त, म्हणून शोरबा चौथाईने कमी घ्यावा.

उरलेली मुलुखिया दुसऱ्या दिवशी गरम करताना उकळू द्यायची नाही, नुसती वाफ येईपर्यंत. तरीही ती पहिल्या दिवसाइतकी उभी राहत नाही. म्हणून इजिप्तमधल्या अनुभवी गृहिणी शिजवलेली मुलुखिया साठवतच नाहीत. पाने स्वस्त असताना एकदम खुडून, चिरून, एका जेवणापुरत्या पिशव्या भरून कच्चीच गोठवतात. शोरबा वेगळा गोठवतात. हवी तेव्हा दोन पिशव्या काढायच्या, लसूण सोलायला घ्यायचा.